देवांची वाट सोपी, तिथवर नेणारी बस अवघड

अमाल्फी किनाऱ्यावर ट्रेकला जाणाऱ्यांना मी एवढंच सांगेन: डोंगराची धास्ती घेऊ नका, बसची घ्या.

इटलीत नेपल्सच्या दक्षिणेला लात्तारी डोंगररांग थेट समुद्रात उतरते. गावं कड्याला बिलगून बसलेली आणि त्यांना जोडणारा एकच अरुंद, वळणावळणाचा रस्ता. १९९७ पासून हा किनारा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. व्हिसा, विमान, सोरेंतोपर्यंतची ट्रेन सगळं सुरळीत पार पडलं. मला आणि ताईला करायची होती ती ‘सेंतिएरो देल्यी देई’, म्हणजे देवांची वाट. डोंगरावरच्या आजेरोला गावाच्या बोमेरानो वस्तीतून ही पायवाट निघते आणि सहा-सात किलोमीटरवर, पोझितानोच्या डोक्यावरच्या नोचेल्ले गावात पोचते. बोमेरानो सहाशे मीटरच्या वर आहे, म्हणून तिथवर बसने जायचं.

आमचा मुक्काम अमाल्फीच्या थोडा पुढे, आजेरोलाच्या बसमार्गावरच्याच एका लहान गावात होता. थांबा म्हणजे खांबाला लावलेली पाटी. शेड नाही, बसायला बाक नाही. एका बाजूला कठडा आणि खाली समुद्र. वळणावर हॉर्न वाजला, बस दिसली, आम्ही हात केला. ड्रायव्हरने स्टिअरिंगवरची बोटं जरा उचलून ‘भरली आहे’ अशी खूण केली आणि तो निघून गेला. आत माणसं दाराला चिकटून उभी होती. पुढची गाडी बऱ्याच वेळाने आली, तीही तशीच गेली. शेजारी भाजीची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या आजी काही न बोलता घरी परतल्या. त्यांना हे रोजचं असणार, याचाच मला जास्त राग आला.

बस कंपनीला फोन लावला तर नुसती इटालियनमधली रेकॉर्ड वाजत राहिली. आदल्या संध्याकाळी त्यांच्याच खिडकीवर मी विचारलं होतं, तेव्हा ‘वेळापत्रक भिंतीवर आहे’ एवढंच उत्तर मिळालं होतं. भरलेली गाडी मधल्या थांब्यांवर थांबत नाही, हे वेळापत्रकात कुठेही लिहिलेलं नाही. परक्या माणसाने ते कुठून ओळखायचं? टॅक्सीचा भाव ऐकून ताईने सरळ मान हलवली.

शेवटी मार्ग तिनेच काढला. समोरून येणारी उलटी बस धरून आम्ही अमाल्फीला गेलो. तिथे पिआझ्झा फ्लाव्हिओ जोयातून, म्हणजे बंदरासमोरच्या चौकातून गाड्या सुटतात. रांग अशी नसतेच, दार उघडलं की सगळे एकदम घुसतात, तेव्हा दाराजवळच उभं राहायचं. बसायला जागा मिळाली. आमच्याच थांब्यावर दोन मुली हात करत होत्या. गाडी थांबली नाही.

तिकीट आधीच काढा, जातानाचं आणि येतानाचं एकत्रच. ‘टी’ अक्षराची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानात ते मिळतं, पण दुपारी ही दुकानं बऱ्याचदा बंद असतात. गाडीत चढल्यावर ते यंत्रात छापून घ्यायला विसरू नका.

आणि ती वाट! राजमाची केलेल्या माणसाला ती जड जाणार नाही. खाली निळं पाणी, समोर ली गाल्ली बेटं, हवा स्वच्छ असेल तर काप्री बेटाचे सुळकेही दिसतात. उतारावर दगडी बांधांच्या पायऱ्यापायऱ्यांवर शेती. किनाऱ्यालगत लिंबांच्या बागा, त्यांवर चेस्टनटच्या खांबांवर ताणलेली काळी जाळी. सावली फार कमी, म्हणून पाणी बोमेरानोतच भरून घ्या. तिथलं ताजं फिओर दी लात्ते चीज पावात घालून सोबत घ्या. आजेरोला त्यासाठीच नावाजलेलं आहे. चालायचं बोमेरानोकडून नोचेल्लेकडे, उलटं गेलात तर चढच चढ लागतो.

नोचेल्लेहून खाली रस्त्यापर्यंत हजाराच्या वर पायऱ्या आहेत. ताईच्या गुडघ्यांसाठी आम्ही तिथून पोझितानोची छोटी बस घेतली. पोझितानोहून अमाल्फीला फेरीबोटीने या. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर ती चालते, समुद्र खवळला तर रद्द होते. रावेल्लो गावाची बसही अमाल्फीहूनच सुटते. १८८० मध्ये जर्मन संगीतकार वाग्नर ज्याच्या बागेने भारावून गेला, तो व्हिला रूफोलो तिथेच आहे. तिकडे जातानाही मधल्या थांब्यावर उभे राहू नका.

पुन्हा गेले तर मुक्काम वर आजेरोलातच करेन. वाट तिथूनच सुरू होते, सकाळी बसची वाट पाहायची गरजच नाही.