सूप दुधाळ झालं म्हणून दुकान बंद

टोकियोत निशी-कासाईजवळचं आमचं दुकान काउंटरच्या नऊ खुर्च्यांचं. मुख्य पदार्थ एकच, शोयू (सोया सॉसचं) रामेन, म्हणजे सुपातल्या नूडल्स: तळ दिसेल इतकं नितळ कोंबडीचं सूप. गेल्या उन्हाळ्यात ताइशोंनी, म्हणजे मालकांनी, ऐन उघडायच्या वेळेला ४० लिटर सूप टाकून दिलं आणि दाराला पाटी लावली: आज सूप जमलं नाही, माफ करा. सूप आंबलं नव्हतं, करपलंही नव्हतं. दुधाळ झालं होतं, एवढंच. त्यांनी केलं ते बरोबर का, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

नितळ सुपाचा सगळा जीव आचेत. १५ किलो सांगाडे घेतले की कण्याला चिकटलेली फुप्फुसं आणि रक्ताच्या गुठळ्या अंगठ्याने खरवडून काढायच्या, नाहीतर सूप करडं होतं आणि वास मारतं. जोडीला ३ किलो पाय, चिकटपणासाठी. थंड पाण्यापासून हळूहळू तापवत, फेस काढत न्यायचं आणि मग सहा तास ९० ते ९५ अंशांवर ठेवायचं. वर एखाद-दुसरा बुडबुडा फुटावा, खळखळ नको. झाकण नाही, ढवळणं नाही. आलं आणि कांदापातीचा हिरवा भाग शेवटच्या तासात. वर जमणारी पिवळी चरबी पळीने वेगळी काढायची. वाढताना तीच वाडग्यात वर तरंगते.

त्या दिवशी मालाची गाडी उशिरा आली, म्हणून नव्या पार्टटाइम मुलाने वेळ भरून काढायला गॅस मोठा केला. पाऊण तास खळखळ उकळी. अशा उकळीत चरबीचे अगदी बारीक थेंब होतात आणि पायांतून उतरलेलं जिलेटिन त्यांना सुपातच धरून ठेवतं. जपानमधल्या हाकाताचं तोंकोत्सु सूप मुद्दाम असंच करतात, डुकराची हाडं तासन्‌तास रटरट उकळून. कापडातून गाळून असलं सूप पुन्हा नितळ होत नाही. खिमा आणि अंड्याचा पांढरा बलक घालून करता येतं, पण त्याला वेळ लागतो आणि चवही बरीच निघून जाते.

मुलाला मी दोष देत नाही. आमच्या धंद्यात नव्या माणसाला 'मंद आच' एवढंच सांगतात. आकडा नाही, थर्मामीटर नाही, बघून शिक. ही पद्धत मला मुळीच पटत नाही.

मी ते सूप चाखलं. चव चांगली भरीव होती. एका वाडग्याला ३०० मिलिलिटर सूप, म्हणजे १३० वाडगे; ९०० येनच्या दराने लाखावर येन पाण्यात. आजचा खास पदार्थ म्हणून विकू, असं मी सुचवलं. ताइशो म्हणाले, गिऱ्हाईक मशीनमधून जे तिकीट घेतं त्यावर शोयू रामेन छापलंय.

रांगेतल्या लोकांनी पाटी वाचली आणि एक शब्द न बोलता निघून गेले. सूप संपलं की दुकान लवकर बंद होतं, हे इथल्या गिऱ्हाइकांच्या अंगवळणी पडलेलं आहे. आपल्याकडून येणाऱ्यांना मात्र काही गोष्टी आधी सांगाव्या लागतात. आधी मशीनवर तिकीट, मग खुर्ची. पाणी आपलं आपण घ्यायचं. माणशी एक वाडगा, दोघांत एक नाही. दहा मिनिटांत संपवा, कारण नूडल्स गरम सुपात फुगत राहतात. टिप ठेवू नका. आणि 'मांस काढून द्या' म्हणण्यात काही अर्थ नाही: वरचे तुकडे काढले तरी सूप कोंबडीचं आणि त्यात घालायच्या 'तारे' नावाच्या मिश्रणात सुकी मासळी. शाकाहारी असाल तर पैसे टाकायच्या आधी विचारा.

हे तारे म्हणजे वाडग्याच्या तळाशी घालायचं शोयूचं खारं मिश्रण. त्याच्यापाशी ते सूप विकण्याचा माझा मुद्दा लंगडा पडतो. आमचं प्रमाण ३० मिलिलिटर, आणि ते नितळ सुपासाठी बसवलेलं. दुधाळ सुपात खारटपणा दबतो. तारे वाढवावं तर शोयूचा आंबटपणा पुढे येतो. त्यात वरून २० मिलिलिटर चरबी घातली की चौथ्या घासाला जड वाटायला लागतं. त्या सुपाला वेगळं, जास्त मिठाचं तारे लागलं असतं, आणि आमच्याकडे तारे मुरायला तीन दिवस लागतात.