तुम्ही विचारलंत म्हणून: संभाजीनगरची विहीर नॉर्वेच्या वर कशी जाते?

नकाशा, डेटाबेस आणि वेबपेजसाठी कोडचे कोणते तुकडे हाताशी ठेवावेत, हे सर्व्हेचा डेटा सांभाळणारे नेहमी विचारतात. त्याला जोडूनच येतं, "आमच्या विहिरी समुद्रात का दिसतात?" आधी विहिरींचं बघू.

छत्रपती संभाजीनगर साधारण १९.८८ अक्षांश, ७५.३४ रेखांशावर आहे. आकडे उलटे भरले की पॉइंट नॉर्वेच्याही उत्तरेला, बर्फाळ समुद्रात पडतो. लीफलेटच्या (वेबपेजवर नकाशा दाखवणाऱ्या लायब्ररीच्या) मार्करला आधी अक्षांश लागतो, जिओजेसन या नकाशा-डेटाच्या फॉरमॅटला आधी रेखांश. पोस्टजीआयएसचं (पोस्टग्रेस डेटाबेसच्या नकाशा-जोडणीचं) पॉइंट बनवणारं फंक्शन एसटी_मेकपॉइंटही आधी रेखांश घेतं. मायएसक्यूएल ८ हा डेटाबेस मात्र ४३२६ एसआरआयडीचा (एसआरआयडी म्हणजे निर्देशांक-पद्धतीचा क्रमांक, ४३२६ म्हणजे साधे अक्षांश-रेखांश) मजकूर वाचताना आधी अक्षांश धरतं. त्यामुळे एका डेटाबेसातला तुकडा दुसऱ्यात तसाच चिकटवू नका. आणि एसटी_मेकपॉइंटला एसटी_सेटएसआरआयडी लावून ४३२६ द्याच. एसआरआयडी शून्य राहिला तर तालुक्याच्या हद्दीशी ताडताना क्वेरी एरर देऊन थांबते.

माझ्या मते सगळ्यात कामाचा तुकडा एका ओळीचा आहे. मराठवाड्यात अक्षांश १७ ते २१ आणि रेखांश ७४ ते ७९ यांच्या बाहेर जात नाही. क्वेरीत 'व्हेअर नॉट' लावून या चौकटीबाहेरच्या ओळी शोधून बघा. रिकाम्या ओळी यात सापडत नाहीत, कारण नलचं (रिकाम्या किमतीचं) नॉट केलं तरी नलच येतं. त्यासाठी 'ऑर अक्षांश इज नल' वेगळं जोडा, रेखांशालाही तसंच.

एक चूक या चाळणीतूनही निसटते. जीपीएसवर १९ अंश ५२ मिनिटं ३० सेकंद दिसतं आणि भरणारा १९.५२३० लिहून मोकळा होतो. खरा आकडा १९ + ५२/६० + ३०/३६०० = १९.८७५. फरक सुमारे ३९ किलोमीटरचा, म्हणजे शहरातली विहीर थेट पैठणच्या जवळ! दशांशानंतरचे पहिले दोन आकडे कुठेच ५९ च्या वर जात नसतील, तर संशय घ्या.

क्षेत्रफळाचं दुखणं वेगळं. ३० बाय ३० मीटरच्या शेततळ्याला एसटी_एरिया ०.००००००७८ च्याही दहाव्या भागाएवढं काहीतरी दाखवतं, कारण ते चौरस अंशांत असतं. कॉलमपुढे ::जिऑग्राफी लावा (म्हणजे मोजमाप पृथ्वीच्या गोलावर, मीटरमध्ये होतं), ९०० चौरस मीटर येईल. १०,००० ने भागलं की ०.०९ हेक्टर, सातबाऱ्यावरचे ९ आर. काहीजण यूटीएम, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या पट्ट्यांपैकी, झोन ४३ (एसआरआयडी ३२६४३) वापरतात. चालतं, पण किनवट ७८ रेखांशाच्या पलीकडे, म्हणजे झोन ४४ मध्ये आहे. जिऑग्राफीला ही भानगड नाही. मात्र साध्या जिऑमेट्रीवरचा इंडेक्स या रूपांतरानंतर कामी येत नाही. पाच किलोमीटरच्या आतल्या विहिरी शोधणारी क्वेरी रेंगाळली, तर रूपांतरित कॉलमवर वेगळा जिस्ट इंडेक्स (जागेवरून शोधायचा इंडेक्स) करा.

वेबपेजवरून आलेलं गावाचं नाव थेट क्वेरीच्या मजकुरात जोडू नका, त्यातून कुणी भलतीच आज्ञा घुसवू शकतं. पीएचपीत पीडीओचं (डेटाबेसशी जोडणाऱ्या सोयीचं) प्रिपेअर वापरा, विषय संपला.

नावावरून टेबलं जोडणं तर टाळाच. वडगाव, पिंपळगाव किती आहेत ते मोजत बसाल. शिवाय २०२३ नंतरच्या यादीत धाराशिव असतं, जुन्या नकाशात उस्मानाबाद. औरंगाबाद तर बिहारमध्येही आहे. गावांसाठी २०११ च्या जनगणनेचा सहा अंकी कोड घ्या. लेफ्ट जॉइन (डावीकडच्या सगळ्या ओळी ठेवणारी जोडणी) करून उजवीकडे नल उरलेल्या ओळी आधी बघा, नकाशा मग रंगवा.