बारा बोरची दुनळी विकताना

माझ्या परवान्यावरची बारा बोरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, मी ओळखीच्या परवानाधारकाला विकली. दोघांचे कागद चालू, व्यवहार सरळ. तरी पहिल्या पत्रापासून बंदूक हातातून जाईपर्यंत अडीच महिने गेले. त्यातला दीड महिना कायद्यानेच ठरवलेला आहे. उरलेला एका आकड्याने खाल्ला.

कायदा तसा सोपा आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५(२) प्रमाणे स्वतःच्या वापरासाठी कायदेशीर बाळगलेलं शस्त्र विकायला विक्रेत्याचा परवाना लागत नाही. मात्र विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवावा लागतो, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. आयुक्तालयाच्या हद्दीत जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या जागी पोलीस आयुक्त. कायद्याला एक ठिकाण पुरतं, मी दोन्हीकडे दिलं. आवक शिक्क्याची पोच घ्या आणि दिवस त्या तारखेपासून मोजा. शंभराच्या स्टॅम्पवर करारनामा करून बंदूक देऊन टाका, असा सल्ला देणारे भेटतीलच. त्या कागदाने पैशांचा व्यवहार फार तर सिद्ध होतो, हे ४५ दिवस भरून निघत नाहीत.

पत्राआधी घेणाऱ्याचा परवाना मूळ प्रतीत पाहायचा, व्हॉट्सॲपवरच्या फोटोत नाही. मुदत चालू आहे का, परवान्यावर शस्त्र खरेदीला दिलेली मुदत उलटली नाही ना, शस्त्राचा प्रकार आणि बोर (नळीचं माप) आपल्याशी जुळतो का, युआयएन (परवानाधारकाचा संगणकीय नोंदीतला स्वतंत्र क्रमांक) पडलाय का, हे बघा. त्याच्याकडे आधीच दोन शस्त्रं असतील तर तिसरं घेता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने तीनची मर्यादा दोनवर आली आणि वारसाने आलेली बंदूकही त्यातच धरली जाते. वय २१ च्या खाली नको. ही खात्री न करता शस्त्र ताब्यात देणं हा कलम २९ खाली विकणाऱ्याचाच गुन्हा आहे, म्हणून संकोच बाजूला ठेवा.

आता तो आकडा. जुन्या परवाना पुस्तिकेत बंदुकीचा क्रमांक हाताने लिहिलेला असतो. माझ्या पुस्तिकेत ३ चा ८ वाचला गेला होता आणि तोच चुकीचा क्रमांक संगणकावरच्या नोंदीतही उतरला होता. नूतनीकरणाच्या वेळी कुणी बंदुकीशी ताडून पाहिलंच नव्हतं, मीही नाही. विकायच्या वेळी मात्र घेणाऱ्याच्या परवान्यावर बंदुकीवरचाच क्रमांक चढायला हवा, आणि तो माझ्या नावावर कुठे दिसेना. दुरुस्तीसाठी अर्ज, प्रत्यक्ष शस्त्र तपासणी, ठाण्याचा अहवाल, असा महिना गेला. म्हणून आधी नळी उघडा, तेल लावून पुसा आणि भिंगातून बघा. जुन्या दुनळीवर नळीवर एक आणि खालच्या लोखंडी भागावर एक असे दोन क्रमांक असू शकतात. परवान्यावर कोणता चढलाय ते ताडून घ्या.

ताबा आम्ही परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात दिला. घेणाऱ्याचा परवाना समोर, पावतीवर दोन्ही परवाना क्रमांक, बंदुकीचा प्रकार, बोर, क्रमांक. उरलेली काडतुसे द्यायची असतील तर त्यांची संख्या पहिल्याच पत्रात लिहा, कारण ४५ दिवसांची अट दारूगोळ्यालाही लागू आहे. मी ११ काडतुसे लिहायला विसरलो, ती माझ्याकडेच राहिली.

विकणाऱ्याचा परवाना संपलेला असेल तर घरी ठेवून गिऱ्हाईक शोधत बसू नका. कलम २१ प्रमाणे शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. तिथे असतानाही हक्कदार माणसाला ते विकता येतं.

बंदूक गेल्यावर पावती जोडून स्वतःच्या परवान्यावरून ती कमी करून घ्यायची. घेणाऱ्याने नोंद करून घेतली म्हणजे आपली आपोआप उतरत नाही, आणि निवडणुकीत शस्त्र जमा करण्याची नोटीस नोंद असलेल्या माणसाच्या नावानेच निघते.