तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी खरखर कशासाठी?

मागच्या महिन्यात शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. "काही तळताय का हो?" गॅस बंद होता. आत किंग ऑलिव्हर या अमेरिकन वादकाचा जॅझ बँड वाजत होता, १९२३ सालच्या रेकॉर्डवर. कढईत मिरच्या टाकल्यासारखी चरचर, आणि तिच्यामागून कुठून तरी कॉर्नेट, ट्रम्पेटच्या जातीचं पितळी वाद्य. भाचा जरा सभ्यपणे विचारतो: "मावशी, हीच गाणी आज कुणीतरी नव्यानं, स्वच्छ वाजवलेली मिळतात की. हे का?" नातेवाइकांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी हा प्रश्न विचारून झालाय. एकदा नीट उत्तर देऊन टाकते.

मी एकतीस वर्षं टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये काढली. कानाला हेडफोन, समोर दोऱ्या आणि दिवे, आणि लाइनवर कायम समुद्राची गाज. त्या गाजेतून "बाळ झालं, मुलगी" एवढं एक वाक्य पकडून पलीकडे पोचवायचं, हे माझं काम. असा कान तयार झाला की तो खरखर ऐकतच नाही, तिच्या पलीकडे जाऊन उभा राहतो. तेव्हा तुमच्यापेक्षा माझं निम्मं काम आधीच झालेलं होतं, हे कबूल. उरलेलं निम्मं माहीमला आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गोवेकर अंकलनी केलं. ते सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात क्लॅरिनेट वाजवत. रविवारी चर्चमधून आले की रेकॉर्ड लावायचे आणि मला म्हणायचे, "आयक गो बाय. एकाकच आयक. दुसऱ्याक मागीर." एकालाच ऐक, दुसऱ्याला नंतर. माझं जॅझचं शिक्षण म्हणाल तर एवढंच.

आता ज्या रेकॉर्डबद्दल वहिनींना तळणाचा भास झाला, तिची गोष्ट. ५ आणि ६ एप्रिल १९२३ला ऑलिव्हरचा क्रिओल जॅझ बँड शिकागोहून इंडियाना राज्यातल्या रिचमंड नावाच्या गावी गेला. तिथे स्टार नावाची पियानो कंपनी होती, आणि तिचंच जेनेट हे रेकॉर्डचं लेबल. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांना इतका लागून की गाडी आली की काम थांबवायचं. मायक्रोफोन नाही. एक मोठा कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाला पडदा, पडद्याला सुई, आणि सुईखाली फिरणारी मेणाची जाड तबकडी. वादकांनी फुंकलेली हवाच त्या मेणात रेघ कोरणार. वीज कुठे मध्ये नाही. कोरलेलं मेण वाजवून पाहावं तर ते खराब होतं, म्हणून आपण काय वाजवलं हेही लगेच कळायची सोय नाही. चुकलं तर चुकलं.

अशा खोलीत आवाज लहानमोठा करायचा तर माणूसच पुढे-मागे करायचा. बेबी डॉड्स हा ड्रमवाला, पण मोठा ड्रम वाजवला की सुई उडते, म्हणून त्याच्या हाती लाकडी ठोकळे दिले. अख्ख्या रेकॉर्डभर तो टकटक करत राहतो. आणि दुसऱ्या कॉर्नेटवर एकवीस वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग. त्याचा आवाज एवढा दांडगा की उस्ताद ऑलिव्हर ऐकूच येईना. मग त्याला दूर, कोपऱ्यात नेऊन उभं केलं. बँडची पियानोवाली लिल हार्डिन पुढे सांगायची की तो तिथे अगदी केविलवाणा चेहरा करून उभा होता. पुढच्याच वर्षी तिनं त्याच्याशी लग्न केलं, हे जाता जाता.

मला धरून ठेवतं ते हे: त्या रेकॉर्डमध्ये हे अंतर ऐकू येतं. कोण कर्ण्याजवळ आहे, कोण भिंतीशी, हे कानाला दिसतं. आजच्या ध्वनिमुद्रणात प्रत्येकाच्या तोंडाशी वेगळा माइक असतो आणि अंतर नंतर कुणीतरी बटणांवर ठरवतं. इथे ती खोली एकच आहे, आणि ती खरी आहे.

आणि त्या खोलीत सगळे एकदम बोलतायत. पहिल्यांदा ऐकताना हा नुसता गलका वाटतो. मलाही वाटला होता. अंकलच्या सांगण्याप्रमाणे एकेकाला धरलं तेव्हा चाल उलगडली. कॉर्नेट गाण्याचा सरळ रस्ता धरून चालतो. क्लॅरिनेट त्याच्यावरून वेलीसारखी चढत-उतरत जाते. ट्रॉम्बोन खालून एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जागा भरतो. जॅझ जिथे जन्मलं त्या न्यू ऑर्लिन्समध्ये बँड घोडागाडीत बसून जाहिरात करत फिरायचे. ट्रॉम्बोनची लांब दांडी कुणाला लागू नये म्हणून त्याला गाडीच्या मागच्या फळीवर बसवत, आणि त्या वाजवण्याला अजून त्या फळीवरूनच टेलगेट म्हणतात. तिघांपैकी कुणी कागद पाहून वाजवत नाही, तरी कुणी कुणाच्या पायावर पाय देत नाही. याचा अर्थ प्रत्येकजण स्वतः वाजवताना बाकीच्यांना ऐकतोय. माझ्या घरी चार माणसं जेवायला बसली तरी हे जमत नाही.

मध्येच ताल दोन मात्रागटांपुरता थांबतो. त्याला ब्रेक म्हणतात. सगळे गप्प आणि एकानं ती पोकळी भरायची. ऑलिव्हर आणि आर्मस्ट्राँग हा ब्रेक दोघं मिळून भरत, दोन सुरांत, हातात हात घातल्यासारखा. 'स्नेक रॅग'मध्ये ते आहे. शिकागोतल्या लिंकन गार्डन्स या नाचघरात इतर वादक मुद्दाम बघायला यायचे, की हे दोघं ठरवतात कधी? आर्मस्ट्राँगनं पुढे सांगितलं ते असं: बँड जोरात असताना ऑलिव्हर वाकून पुढच्या ब्रेकची चाल त्याला दाखवून ठेवायचा.

'डिपरमाउथ ब्लूज'मध्येही असा एक ब्रेक आहे. तो ड्रमचा होता, पण बेबी डॉड्स विसरला. त्यानं स्वतःच ही हकीकत सांगितली आहे. ती रिकामी जागा पाहून बँजोवाला बिल जॉन्सन ओरडला, "ओह, प्ले दॅट थिंग!" झाकायची चूक, पण मेणात कोरली गेली. पुढे हे गाणं ज्या बँडनी वाजवलं त्यांतल्या बऱ्याच जणांनी ती आरोळीही ठोकली. नव्या स्वच्छ बँडमध्ये ती आरोळी अगदी वेळेवर येते, घड्याळ लावल्यासारखी. भाच्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यात आहे.

खरखरीबद्दलही एक सांगायचंय. त्या तबकड्या लाखेच्या. जगभर जाणारी लाख मुख्यतः आपल्याकडची, छोटा नागपूरच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरच्या किड्यांनी केलेली. तीत दगडाची पूड कालवत, मुद्दाम, म्हणजे पोलादी सुई झिजून खोबणीच्या मापाची होईल. चरचर येते ती बरीचशी या पुडीची. वहिनींना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे दगड तळताय." त्यांचं बरोबर आहे.

सगळं जुनं ते सोनं, असं मात्र माझं म्हणणं नाही. जॅझची पहिली म्हणून मानली जाणारी रेकॉर्ड ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँडची, २६ फेब्रुवारी १९१७ची. पाच गोरे वादक, आणि वाद्यांतून कोंबडा, घोडा, गाय यांचे आवाज. तडाखेबंद खपली. मला ती सर्कशीसारखी वाटते, वर्षातून एकदा पुरे. ज्यांचं हे संगीत त्या न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या वादकांच्या बँडना कर्ण्यासमोर उभं राहायला १९२२-२३ उजाडावं लागलं. न्यू ऑर्लिन्सचा कॉर्नेटवाला बडी बोल्डन, ज्याच्यापासून सगळे जॅझची सुरुवात सांगतात, तो १९०७लाच वेड्यांच्या इस्पितळात गेला होता. त्याचा एक सूरही आपल्याकडे नाही. आणि ज्या जेनेटनं ऑलिव्हरला ध्वनिमुद्रित केलं त्याच कारखान्यात कू क्लक्स क्लॅन या काळ्यांच्या जिवावर उठलेल्या गोऱ्यांच्या संघटनेच्या रेकॉर्डीही पैसे घेऊन छापल्या जात. भाबडेपणानं ऐकायचं हे संगीत नव्हे.

१९२५ साली वीज आली, मायक्रोफोन आला. तो वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळांतून आला, म्हणजे टेलिफोनवाल्यांकडून. इथे आमच्या खात्याची कॉलर थोडी ताठ करून घेते. त्याच वर्षी नोव्हेंबरात आर्मस्ट्राँगनं हॉट फाइव्ह या स्वतःच्या बँडसह ध्वनिमुद्रण सुरू केलं, आणि २८ जून १९२८ला 'वेस्ट एंड ब्लूज'. सुरुवातीला तो एकटा, मागे कुणी नाही, जिन्यावरून उतरत-चढत यावं तसे काही सेकंद. जाणकार या जागी कान पकडतात, मीही पकडते. पण खरं सांगू? त्या क्षणी दुसरंही काही घडतं. बाकीचे मागे सरकतात. पुढचं जॅझ बरंचसं एकट्याचं झालं, बाकीच्यांनी पाय रोवून साथ द्यायची. भव्य आहे ते. मला मात्र कोपऱ्यात उभा केलेला लुई जास्त जवळचा वाटतो. यावर माझ्याशी भांडायला मुभा आहे.

आपल्या कानाला सोपं दार हवं असेल तर गायिका बेसी स्मिथचं 'सेंट लुईस ब्लूज' लावा, १४ जानेवारी १९२५. इथे फक्त तिघं: बेसी, आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट, आणि फ्रेड लाँगशॉ पायपेटीवर. हो, पेटी! बेसी ओळ सोडते, कॉर्नेट ती उचलून उत्तर देतो, खाली पेटीचा भरणा. साथसंगत म्हणजे काय हे ज्यानं एकदा कुठल्याही बैठकीत ऐकलंय त्याला यात काही परकं वाटणार नाही. तीन मिनिटांत पसारा आवरणं आपल्यालाही ठाऊक आहे. केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी तेवढ्यातच मावली. १९७७ला व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यावर ती भैरवी आहे आणि आर्मस्ट्राँगचं १९२७चं 'मेलँकली ब्लूज'ही. गोव्याच्या केरी गावची बाई आणि न्यू ऑर्लिन्सचा लुई एकाच खोबणीत.

अंकलकडे ही परंपरा कशी पोचली तेही ऐका. १९२६ला शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर एका बँडमध्ये पियानो वाजवणारा टेडी वेदरफोर्ड पुढे मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता; १९४५ला कलकत्त्यात वारला. गोव्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ट्रम्पेट वाजवून इथला लुई आर्मस्ट्राँग म्हणवला गेला. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'तल्या वाद्यमेळात तो आहे. तुमच्या आईनं ज्या गाण्यावर पाय ठोकले असतील त्याच्या मागे रिचमंडच्या त्या खोलीतली थोडी हवा आहे. ऑलिव्हरला मात्र यातलं काही मिळालं नाही. हिरड्यांच्या दुखण्यानं त्याचं वाजवणं गेलं, आणि अमेरिकेतल्या सव्हाना शहरात एका पूल हॉलमध्ये झाडलोट करत तो १९३८ला गेला.

परवा भाच्यानं इंटरनेटवरून 'डिपरमाउथ'ची साफ केलेली आवृत्ती आणली. खरखर पार पुसलेली. ऐकून तो खूश. मग मी माझी लावली आणि त्याला म्हटलं, फक्त ठोकळ्यांची टकटक ऐक, दुसऱ्याला मागीर. दोनदा ऐकून त्यानं आपली आवृत्ती परत लावली. अर्ध्यात थांबवली.

"मावशी, यात तो ठोकळेवाला गेला कुठे?"

चरचरीबरोबर तोही पुसला गेला होता. फक्त बिल जॉन्सन कुणावर तरी ओरडत होता.