माझ्या स्वप्नातली सुरी: वुट्झ पोलादाची

सुऱ्यांचं वेड असलेली चार माणसं जमली की एक प्रश्न हमखास निघतो. पैशांचा विचारच करायचा नसेल, तर कोणती सुरी करून घ्याल? कुणी कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या बॉब लव्हलेस यांची शिकारीची सुरी म्हणतं. ते 2010 मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या हातची सुरी आता जुन्या संग्रहांतूनच मिळते आणि किंमत ऐकून माणूस गप्प होतो. कुणाला अमेरिकन लोहार बिल मोरन यांचं थरांचं दमास्कस, म्हणजे वेगवेगळ्या पोलादांचे थर जोडून केलेलं नक्षीदार पातं, हवं असतं. अमेरिकेत ते 1973 मध्ये त्यांनीच पुन्हा लोकांसमोर आणलं. मॅमथच्या दाताची मूठ, सोन्याची नक्षी ही उत्तरंही येतातच. माझं उत्तर मात्र पहिल्यापासून एकच होतं: वुट्झ.

वुट्झमध्ये थर नसतात. साधारण दीड टक्का कार्बन असलेलं पोलाद बंद मुशीत वितळवायचं, सावकाश गार होऊ द्यायचं आणि जो गोळा निघेल त्याचंच पातं घडवायचं. पात्यावर दिसणारी पाण्यासारखी नक्षी कुणी दोन धातू जोडून आणलेली नसते, ती त्या गोळ्याच्या पोटातूनच येते. हे पोलाद दक्षिण भारतात आणि दख्खनमध्ये होत असे. आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनसमुद्रमला त्यासाठी थेट इराणहून व्यापारी येत. मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले, आणि 1795 मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर रॉयल सोसायटीपुढे जो निबंध ठेवला, त्याच्या शीर्षकातच मुंबईचं नाव आहे. पुढे ही विद्या लोपली. मी वाढलो त्या मुलखाच्या इतक्या जवळची ही गोष्ट मला अटलांटात येऊन कळली, याची हुरहुर आजही वाटते.

अटलांटात दर जूनमध्ये ब्लेड शो हे सुऱ्यांचं प्रदर्शन भरतं. तिथे एका टेबलावर सुऱ्यांच्या शेजारी मुठीत मावतील असे काळपट, खडबडीत गोळे मांडलेले दिसले आणि मी तिथेच थांबलो. लोहार साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. मी ऑर्डरचं विचारलं, तर किंमत सांगण्याआधी त्यांनी विचारलं, “कापणार काय?” मी म्हटलं, जंगलात मुक्कामाला गेलो की दोर, लाकूड, भाजी. स्वयंपाकघरात रोज वापरायची असती तर त्यांनी मला दुसरं पोलाद घ्यायला लावलं असतं, कारण वुट्झ गंजतं आणि चिंच-लिंबाच्या सान्निध्यात तर लगेच डागाळतं.

साडेचार इंचांचं पातं आणि किंचित खाली उतरलेलं टोक ठरायला वेळ लागला नाही. मूठ सोनोराच्या वाळवंटातल्या आयर्नवुडची. ते लाकूड इतकं घट्ट असतं की पाण्यात बुडतं. हस्तिदंत मला नकोच होतं. नक्षीवर मात्र बराच वेळ बोललो. पात्यावर आडव्या खाचा पाडून ते पुन्हा ठोकून सपाट केलं, की शिडीसारखी नक्षी उमटते. जुन्या इराणी तलवारींवर ती दिसते आणि बहुतेक गिऱ्हाइकं तीच मागतात. मी नको म्हटलं. गोळा गोठताना जे घडलं तेवढंच मला पात्यावर बघायचं होतं. लोहार पहिल्यांदा हसले ते तेव्हा. मग निम्मी रक्कम आगाऊ दिली आणि यादीत नाव लागलं. यासाठी मी कितीतरी वर्षं पैसे बाजूला टाकत होतो, त्यामुळे वाट पाहणं जड गेलं नाही.

माझी पाळी आली तेव्हा त्यांनी मला भट्टीवर बोलावलं. मुशीत शुद्ध लोखंड, कोळसा, हिरवी पानं आणि वरून काच. काच वितळून झाकणासारखी पसरते आणि हवेला आत येऊ देत नाही. शिवाय व्हॅनेडियम या धातूचा अंश असलेलं थोडं बीड, म्हणजे ओतीव लोखंड. हे शेवटचं फार महत्त्वाचं. आयोवाचे धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोव्हन आणि फ्लोरिडाचे लोहार अल पेंड्रे यांनी 1998 मध्ये दाखवून दिलं, की व्हॅनेडियमसारखी मूलद्रव्यं दशलक्षात 40 भाग इतकी जरी असली, तरी कार्बाइडचे, म्हणजे लोखंड आणि कार्बनच्या संयुगाचे, कठीण कण ओळी धरून बसतात. नक्षी त्या ओळींचीच. जुन्या खनिजात हा अंश आपसूक असे. जुन्या खाणी बंद पडून नव्या खनिजात तो उरला नसेल, तर लोहारांच्या हातची नक्षी एकाएकी का गेली असेल, याचा उलगडा होतो. मला हे स्पष्टीकरण पटतं.

पहिला गोळा घणाखाली तडकला. या पोलादाला सोसणारी उष्णता फार थोड्या टप्प्यातली असते: जास्त तापलं तर ते चुऱ्यासारखं फुटतं, गार होत आलं की भेगा पडतात. लोहारांनी तुकडा उचलला, तडा कुठून गेला ते भिंगातून पाहिलं आणि दुसरी मूस भरायला घेतली. जादा पैशांचा विषयही काढला नाही. दुसरा गोळा त्यांनी आधी बराच वेळ भट्टीत भाजला, म्हणजे बाहेरच्या सालीतला कार्बन कमी होऊन ती लवचीक झाली. मग तापव, हलके ठोके, परत भट्टीत, असं डझनावारी वेळा. कार्बाइडच्या ओळी या फेऱ्यांतूनच स्पष्ट होत जातात, त्यामुळे घाई केली तर पातं होतं पण नक्षी येत नाही.

पात्याला पाणी देण्याबद्दल, म्हणजे तापवून झटकन गार करून ते कडक करण्याबद्दल, माझा आग्रह होता. जुन्या वुट्झ तलवारी आजच्या सुऱ्यांच्या मानाने बऱ्याच मऊ असत. मला धार टिकायला हवी होती. म्हणून फक्त धारेची कड तेलात बुडवून कडक केली आणि पाठ मऊ ठेवली. मग साल घासून काढली, पातं घासून गुळगुळीत केलं आणि फेरिक क्लोराइडच्या सौम्य द्रावणात धरलं. पोलाद काळवंडलं आणि कार्बाइड पांढरे राहिले. पाहता पाहता पात्यावर बारीक लाटा उठल्या. मला बोलायला सुचेना. लोहारही बराच वेळ पातं उजेडात फिरवत राहिले.

आता ती वापरात आहे. काम झालं की कोरडी पुसून खनिज तेलाचं बोट फिरवतो. चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने ठेवत नाही, कारण चामडं कमावतानाचे क्षार आणि धरलेली ओल पात्याला गंज चढवतात.

कुणाला अशी सुरी करून घ्यायची असेल, तर लोहाराला गोळ्याचा फोटो मागा आणि धारेला पाणी कसं दिलं ते विचारा. लेसरने किंवा आम्लाने वरवर नक्षी उमटवलेली पातीही वुट्झ म्हणून विकली जातात. खात्री करायची असेल तर मुठीजवळचा छोटा भाग बारीक पॉलिश पेपरने नक्षी जाईपर्यंत घासून तिथे पुन्हा द्रावण लावायला सांगा. खऱ्या वुट्झवर नक्षी परत येते.