विंडोज ९८ उभं राहिलं, आता लॉकची गोष्ट

मंडळी, परवा रात्री १९९९ च्या दिवाळी अंकाची फाईल पेजमेकर ६.५ या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये जशीच्या तशी उघडली. ओळी त्याच जागी तुटलेल्या, चौकटी जागच्या जागी, आणि ‘दुसऱ्या’मधला ऱ्या छापील अंकात आहे तसाच. मी बराच वेळ नुसती पानं उलटत बसलो. झिप डिस्कवरून फायली कशा वाचवल्या ते आधी लिहिलंय, म्हणून थेट राहिलेल्या प्रश्नावर येतो. या फायलींसाठी अख्खं विंडोज ९८ इम्युलेटरमध्ये (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालवायचं, की नुसता मजकूर काढून युनिकोडात, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-कोडात न्यायचा?

चालवायचं ठरलं. ८६बॉक्स हा इम्युलेटर माझा फार लाडका आहे. जुना मदरबोर्ड, त्याचा बायॉस, एस३चं कार्ड, सगळं इतकं निगुतीनं उभं करणारं दुसरं काही नाही. पण पेंटियम टू निवडला की माझ्या मशीनवर वेग शंभर टक्क्यांच्या खाली येतो, शिवाय लॉकसाठी (पोर्टला लावायची परवान्याची डबी) होस्टचा, म्हणजे बाहेरच्या संगणकाचा, खरा पॅरलल (जुना प्रिंटर) पोर्ट आत द्यायला मला दुसरंच काही हवं होतं. व्हर्च्युअलबॉक्स या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ९८ साठी गेस्ट ॲडिशन्स (आतल्या विंडोजसाठीचे खास ड्रायव्हर) नाहीत, आणि नव्या रायझन प्रोसेसरवर ९८ सुरू होतानाच कोसळतं. पॅचर९एक्स ही दुरुस्ती लावली की ते थांबतं. ज्यांना वेग हवाय त्यांनी जरूर वापरावं. मला वेग नकोच होता. पेजमेकरला लागतं किती? म्हणून क्यूईएमयू हा इम्युलेटर, केव्हीएम (खऱ्या प्रोसेसरची थेट मदत) बंद, सगळं टीसीजीवर, म्हणजे प्रोसेसरचीही नक्कल सॉफ्टवेअरमध्येच. मेमरी २५६ एमबी, कारण ५१२ च्या वर गेलं की व्हीकॅशचं (विंडोजच्या डिस्क कॅशचं) दुखणं सुरू होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘प्लग अँड प्ले बायॉस’वर पिवळं चिन्ह दिसलं तर त्याचा ड्रायव्हर बदलून ‘पीसीआय बस’ करा, मग बाकीची उपकरणं आपोआप सापडत जातात.

आता लॉक. आपल्यातल्या डीटीपीवाल्यांना सांगायला नको. विंडोज ९८ ला देवनागरी येतच नव्हती, ती सोय विंडोज २००० पासून आली. तोवर प्रत्येक कंपनीनं आठ बिटांत आपापली अक्षरं बसवली, वर कीबोर्डचा प्रोग्रॅम दिला, आणि तो प्रिंटर पोर्टवरच्या लॉकला बांधला. मूळ पॅकेज, सीडी आणि लॉक, सगळं मला प्रेसच्या मालकांनी दिलंय. ते असताना क्रॅक केलेली प्रत मला नकोय.

यूएसबीचं पॅरलल कन्व्हर्टर या कामाला निरुपयोगी. ते प्रिंटर म्हणून ओळखलं जातं, लॉकला हवा असतो तो खरा पोर्ट त्यात नसतो. म्हणून पीसीआय एक्सप्रेस कार्ड घेतलं. कार्डाचा पत्ता ३७८ (जुन्या प्रिंटर पोर्टचा नेहमीचा पत्ता) नसला तरी क्यूईएमयूत अडत नाही, कारण होस्टचा पोर्ट लिनक्सच्या पीपीडेव्ह या ड्रायव्हरमधून जातो आणि आतल्या ९८ ला ३७८ च दिसतो. ही रचना मला अतिशय आवडली. होस्टवर एलपी मॉड्यूल (प्रिंटरचा ड्रायव्हर) आधी काढायला लागतं, नाहीतर पोर्ट त्याच्याच ताब्यात राहतो.

एवढं होऊनही ‘लॉक सापडला नाही’. ९८ मधला प्रिंटर एलपीटी१ या प्रिंटर पोर्टवरून काढून ‘फाईल’वर टाकला, म्हणजे विंडोज स्वतः पोर्टला हात लावणार नाही. मग एकदा लॉक सापडला! टायपिंग सुरू झालं, दोन परिच्छेद झाले, आणि पुन्हा तीच सूचना. हे पॅकेज चालू असतानाही अधूनमधून लॉकला विचारत राहतं. पहिला संशय टीसीजीच्या वेळेवर गेला, कारण पोर्टचं प्रत्येक वाचन होस्टच्या कर्नलपर्यंत जाऊन येतं. पण वेळेचाच दोष असता तर लॉक बहुधा एकदाही सापडला नसता.

मग मल्टिमीटर घेतला. अशा लॉकला वेगळी वीज नसते, ते पोर्टच्या तारांवरच जगतात. २ ते ९ या डेटाच्या पिना, १८ ते २५ ग्राउंड. माझ्या कार्डावर डेटा पिन वर असताना ३.३ व्होल्टच्या आसपासच मिळाले. जुने पोर्ट ५ व्होल्टचे. लॉक उपाशी होता! कार्ड कोणाचं ते लिहीत नाही, पण घेण्याआधी विक्रेत्याला व्होल्टेज विचाराच. माझ्या विक्रेत्याला हा प्रश्न कळलाच नाही.

माळ्यावरच्या जुन्या ऑफिस पीसीच्या बोर्डावर २६ पिनांचा एलपीटी हेडर आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीत त्याची पट्टी (पोर्ट बाहेर काढणारी केबल) मिळाली. त्यावर लिनक्स टाकून तेच क्यूईएमयू, तीच इमेज चालवली, आणि लॉक एकदा सापडला तो टिकला. संध्याकाळभर टाइप करत होतो, एकदाही सूचना आली नाही.

हे लिहितानाच एक गोष्ट लख्ख झाली. लॉक फक्त टाइप करायला लागतो. फाईल उघडायला आणि छापायला नुसते टीटीएफ फॉन्ट पुरतात, परवाची फाईलही लॉकशिवायच उघडली होती. म्हणजे अंक जपण्याचं काम लॅपटॉपवरच होईल. पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट फाईल काढायची, फॉन्ट आत घालायचे, आणि होस्टवर घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅमनं पीडीएफ करायचं. जुना पीसी राहील फक्त दुरुस्त्यांसाठी.

मजकुरासाठी वेगळी वाट. लिब्रेऑफिस ड्रॉ पेजमेकरच्या फायली थेट उघडतं, मांडणी सगळी टिकत नाही पण अक्षरांचे कोड हाती येतात. तिथून युनिकोडात नेताना ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांचा क्रम बदलायला लागतो, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असतो. तयार कन्व्हर्टर बहुतेक ठिकाणी बरोबर चालतात, पण ‘ऱ्य’वर सर्रास घसरतात. तेवढ्यासाठी मी स्वतःची छोटी स्क्रिप्ट लिहायला घेतलीय. आधी विचार होता की पीडीएफ पूर्ण झाल्यावर मजकुराला हात घालावा. आता दोन्ही बरोबर करणार आहे, म्हणजे पान समोर ठेवूनच ‘ऱ्य’ तपासता येईल. कोणाकडे त्या काळातल्या इतर फॉन्टच्या कोडचे तक्ते असतील तर पाठवा, स्क्रिप्टमध्ये तेही घालतो.