चर्र

"काय भाजायलीस गं?" आज्जीनं स्वयंपाकघरातूनच विचारलं.

हातात स्ट्रेटनर, पट्ट्यांमध्ये ओली बट आणि चर्र असा आवाज. लग्नाला निघायची घाई होती. महाद्वार रोडवरून आणलेला गजरा ताटलीत तसाच पडलेला.

तो आवाज अजून कानात आहे. ओल्या केसावर तापलेली पट्टी दाबली की पाण्याची केसाच्या आतच वाफ होते, बुडबुडे धरतात आणि केस तिथंच तुटतो. मला हे माहीत होतं!

आज्जीनं स्ट्रेटनरची पिन काढली. केस टिपले, पंख्याखाली बसवलं. मग सैलसर पाचपेडी वेणी घातली, कानाजवळ दोन बटा मोकळ्या सोडून. अगदी रीलमधल्यासारखी.

किती हलकी चालतात तिची बोटं. मला पाचपेडी येत नाही. तुमच्यात कुणाला येते?